पाचवं चाक

उणे एकतीसच्या सकाळी
डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा उगवला:
खाली दाते असलेली वाटी, वाटीत उद्गारचिन्ह.
कुणीतरी "अगं!" म्हणून
पुढचं वाक्य गिळून टाकावं, तसं.

मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजते,
यॉर्कटनपासून कॅनोरापर्यंत.
दिवसाला सात घरं, सात दंड,
आणि सातही जण म्हणतात, मला काय धाड भरलीय?
गाडीनंही आठवडाभर तेच म्हटलं.
मी म्हणू दिलं.

शेवटी शेजारच्या बोहदाननं विचारलं,
राम राम नाही, शाम शाम नाही,
"आधी लुकलुकतो का?"
नाही. लागला की लागूनच राहतो.
"मग सेन्सर जिवंत आहे. लुकलुकला असता
तर निरोप्याच मेला म्हणालो असतो.
हा निरोप खरा आहे. कुठेतरी हवा कमी आहे."

थंडीत हवासुद्धा अंग चोरते, म्हणाला,
पारा पाच-सहा अंश उतरला की एक पौंड गेलाच.
मी टायरवर कोरलेला आकडा वाचायला वाकले
तर हातमोज्यानं खांद्यावर टपली:
"तो नको. ती त्याची सहनशक्ती.
त्याला लागतं किती, ते दाराच्या चौकटीवर."

आठ वर्षं तेच दार उघडून बसत होते.
बत्तीस.

सव्वीस. सत्तावीस. सव्वीस.
मागचं डावं, एकोणीस.

त्याच्या गॅरेजात तेवढी ऊब नव्हती
म्हणून साबणाच्या पाण्यात त्यानं
काच धुवायचं निळं पाणी ओतलं, गोठू नये असं.
रबरावर बोट फिरवत गेला, खाच न खाच.
खिळा नाही. काच नाही.
वॉल्व्हच्या तोंडाशी मात्र एक बुडबुडा,
मोहरीएवढा,
वाटाण्याएवढा,
फुटला. पुन्हा मोहरी.
आतली सुई अर्धा फेरा सैल होती.
एवढंच? मी म्हटलं.
"एवढंच," म्हणाला, आणि जरा हिरमुसलाच.

चारही बत्तीस.
दिवा तसाच.

"वीस मिनिटं चालव. तिला पटायला वेळ लागतो."
कॅनोरापर्यंत चालवली, पन्नास किलोमीटर,
दोन्ही बाजूंना पांढरी सपाट शेतं, मधेच एखादं
कांद्याच्या घुमटाचं देऊळ, पुन्हा सपाट.
तिला काही पटलं नाही.
बोहदाननं जाताना खिशात काळी चिकटपट्टी घातली होती,
न बोलता. मी ती न बोलता घेतली होती.
हे त्या दिवसाचं सगळ्यात वाईट.

हाल्या प्रोकोपचुक, वय एक्क्याण्णव.
दंडावर पट्टा फुगत असताना बोलायचं नाही
हे तिला दर आठवड्याला सांगावं लागतं.
खिडकीतून बघत म्हणाली,
"चार चाकं तपासलीस म्हणतेस,
गाडीला तर पाच आहेत."

मागच्या दारावर, झाकणाखाली,
बर्फाची साय धरलेलं ते.
कधी रस्ता पाहिला नाही त्यानं.
खड्डा नाही, खडी नाही, ब्रेकचा चटका नाही.
झाकणाची चेन गोठलेली, ती मी तोंडानं वाफ सोडून उघडली.
त्याच्याही पोटात सेन्सर होता,
चौघांसारखाच, तेवढंच बोलणारा.
एकवीस.

रस्त्यापलीकडच्या पंपावर हवा भरली.
परतीच्या वाटेवर, पहिल्याच वळणाच्या आसपास,
दिवा गेला.
कधी, ते नेमकं दिसलं नाही.
मी रस्त्याकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात हाल्याकडे
पिशवीत हात घातला तर टायरचाच मापक हाती आला.
ती हसली, मग मला आकडा सांगावा लागला.
"आठ वर्षं जागचं न हलता एकवीस उरले?"
बाही दुमडत म्हणाली,
"बरी आहे की तब्येत."

आणि दंड पुढे केला.