आठशे बारा

वेष्टनावर छापलंय नऊ हजार नऊशे.
काट्यावर ठेवला तर एकतीस ग्रॅम.
खरा सेल पंचेचाळिसाच्या आसपास भरतो,
तळहातावर ओल्या मिठाच्या पुडीसारखा बसतो.
हा बसत नाही. याला बोटांनी धरून ठेवावं लागतं.

तरी चार्जला लावते.
निकाल हाती येईपर्यंत कुणाला खोटं म्हणायचं नाही,
ही खोड शाळेच्या प्रयोगशाळेत लागली.
नोकरी सुटली, खोड राहिली.

कुडचड्याच्या बाजारामागे माझं टेबल,
वर लिहिलंय टॉर्च दुरुस्ती, खाली मिक्सरही घेते.

चार पूर्णांक वीस. हिरवा दिवा.
अर्धा तास त्याला निजू द्यायचं.
मग अर्ध्या अँपिअरने हळूहळू रिकामा करायचा.
एक तास सदतीस मिनिटं.
आठशे बारा.

काजेतान समोरच्या स्टुलावर, अंगठा वर धरून.
अंगठ्याला सांगटाच्या काट्याचं भोक, कडेने निळं.
असोळण्याची मानस त्याने यंदा लिलावात घेतली,
ओहोटीला दारावर जाळं लावतो,
दुसऱ्या तासाला टॉर्च गेला
आणि जाळ्यात काय आहे ते हाताने बघावं लागलं.

"मासळीवालीसुद्धा शंभर सांगते, बाय,
आपण साठ देतो. तसंच धर."
नऊ हजारांवरून आठशेवर
कुठली मासळीवाली उतरली रे?
तो हसला. अंगठा हसला नाही.

बंद पडलेल्या खाणीच्या ऑफिसातून
भंगारात आलेला लॅपटॉप फोडला. सहा सेल.
दोन कधीच मेलेले, दोन व्होल्टच्याही खाली.
मेलेल्याला मी उठवत नाही. उठवायला गेलं की आग लागते.
एक नुसता बसवला तर छान चार व्होल्ट,
तीन अँपिअरचं ओझं दिलं की मटकन खाली.
डोळ्यांत तेज, पायांत बळ नाही.
उरले तिघे: एकवीसशे चाळीस, एकवीसशे दहा,
दोन हजार शहाण्णव.
जोरकस टॉर्चला तिघे एका दमाचे लागतात.
एक कच्चा निघाला तर बाकीचे दोघे
त्याच्या अंगावरून चालत जातात.
हे मी मीटरवर पाहिलंय. दुसरीकडेही पाहिलंय.

रात्री बांधावर गेलो, मी वही घेऊन.
सगळ्यात वरच्या पायरीवर लावला
आणि साळ नदीचा पलीकडचा काठ एकदम जवळ आला:
माड, पांढरा खुरीस,
झोपेतून मान काढून आमच्याकडे बघणारा बगळा.
तीन मिनिटं. मग टॉर्च तापून आपणच मंद झाला.
मी लिहिलं: तीन मिनिटं, हात भाजतो.
काजेतान म्हणाला, "बगळ्याला कशाला उठवायचं?
मला जाळ्याची गाठ दिसली की पुरे."

सगळ्यात खालची पायरी. अकरा वाजून दहा.
तेवढ्या उजेडात
सुंगटांचे डोळे तांबडे, पाणी काळं,
आणि त्याचा अंगठा, जपून,
सांगटाला काट्याच्या मागून धरणारा.
मी डास मारले. दर तासाला एक ओळ लिहिली.
एका ओळीवर डास चिकटलाय, तो तसाच राहू दिला.

साडेतीनला भरती परत फिरली,
मानशीची दारं पाण्यानेच ढकलून मिटली,
लाकडाचा तो जुना, पोटातून येणारा आवाज.
उजेड होता.
सेल काढून मोजले: तीन पूर्णांक एकाहत्तर. तिघेही.

सकाळी पैशांऐवजी पिशवीभर सुंगटं.
वर म्हणतो, तो खोटा सेल दे,
जाळ्याला वजन म्हणून बांधीन.
खाऱ्या पाण्यात नको, म्हटलं,
आणि वजन असतं तर भांडण कशाला होतं?

आता तो फळीवर आहे.
नऊ हजार नऊशेवर काट मारून
काळ्या मार्करने खाली ८१२ लिहिलं.
वेष्टन गुळगुळीत, शाई पसरायला बघते.
वाळेपर्यंत फुंकर घालत बसले,
दारात मिक्सरवाली बाई उभी.