आत येणारी हवा

फेब्रुवारीत फूर्शोंच्या धक्क्यावर धुकं
नऊ वाजले तरी हलत नाही.
पुरवठ्याच्या बोटी भोंगे देतात, दिसत नाहीत.
माझ्यासमोर एकवीस टाक्या, पोलादी चौकटीत बसवलेल्या;
उद्या पहाटे क्रेन त्यांना उचलेल,
आखातातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर जायचंय त्यांना.

मी शिडी लावते. डोक्यापासून सुरुवात,
आल्सी पिट्रेनं लावलेली सवय:
"आधी टाळू बघ, एलोडी. तान्ह्याची बघतात तशी."

टाळूवर दोन झडपा.
एक बाहेर सोडणारी, एक आत घेणारी.
पहिलीचा धाक सगळ्यांना:
ऊन, आग, टाकी फुगेल, फुटेल,
हे शेंबड्या पोरालाही कळतं.
दुसरीकडे ढुंकून कुणी बघत नाही.
हवेला कोण भितं?

त्या ऑगस्टात सातशे चौदा नंबरची टाकी
विल्मरनं वाफेनं धुतली, झाकण आवळलं,
आणि तो जेवायला उतरला.
दीड वाजता सर आली, पाच-सात मिनिटांची.
तापलेलं पोलाद गार झालं,
आतल्या वाफेचं ओंजळ-दोन ओंजळ पाणी झालं,
आणि उरलेल्या जागेत
काहीच नव्हतं.

एकच आवाज. जड दार आपटल्यासारखा.
आम्ही धावलो तर टाकी उभी होती तिथंच,
कवळी काढलेल्या म्हातारीची गालफडं
बसावीत तशी बसलेली.
ना आग, ना गळती.
रोजची साधी हवा, आपण ओढतो ती,
तिच्यावर चढून बसली होती.
विल्मर हातातल्या पावाकडे बघत राहिला.
जीव भांड्यात पडला, असं आपण म्हणतो.
भांड्याच्या जिवाचं कोण बघतं?

आल्सीनं झडप उतरवली, टेबलावर उघडली.
आत कुंभारमाशीचं घर. बोटभर माती, गुळगुळीत,
कुणीतरी प्रेमानं लिंपल्यासारखी.
तीन सुन्न कोळी आणि एक जाडजूड अळी, जिवंत.
मग त्यानं टाकीवरचा बिल्ला फिरवून वाचला.
मे महिना. तपासली, ठीक आहे. खाली सही.
त्याचीच.

मे महिन्यात व्हर्ना इस्पितळात होती.
हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं,
त्याच्या तोंडून मात्र आलं नाही.
अहवाल त्यानं स्वतः लिहिला,
"शिडी लावली नाही" असं सरळ लिहिलं,
आणि दुसऱ्या दिवसापासून मला शिकवायला घेतलं,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.

म्हणून मला हे पाठ आहे:
टाकी आणि तिच्या झडपेच्या मधे
दुसरी झडप नको, बंद करायची मूठ नको,
कुलूप नको, कुणाचं शहाणपण नको.
दाबाचा आकडा झडपेवर कोरलेला हवा, खडूनं लिहिलेला नाही.
बाहेर पडणारी वाफ टाकीच्याच अंगावर यायला नको.
जाळी धुतलेली हवी.
आणि पिवळा रंग मारणाऱ्या पोरा,
इथं नाही रे बाबा, इथं ब्रश नाही.

चकती बोटानं उचलायची. ती जागेवर परत बसते,
टिक.
हा आवाज ऐकण्यासाठी मी हातमोजा काढते.
एकोणिसाव्या टाकीवर टिक झालं नाही.
खारानं धरली होती. लाल पट्टी बांधली तिला.
खालून मुकादम ओरडला, बोट थांबणार नाही म्हणून.
नको थांबू दे.

आल्सी आता गॅलियानोत
कोळंबीची जाळी दुरुस्त करत बसतो.
मी जाते अधूनमधून. मेचा विषय मी काढत नाही.
मागच्या वादळात खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या
त्यानं काढल्याच नव्हत्या;
गेल्या खेपेला एक मी काढली, स्वयंपाकघराची.
तो बघत होता. सुई चालूच होती.

सही मी टाकीच्या माथ्यावरच करते,
खाली उतरून कधीच नाही.
या थंडीत पेन चालत नाही.
त्याच्या टोकावर फुंकर घालते,
पुन्हा घालते,
मग चालतं.