ज्याचे वैशिष्ट्य असे की

आक्षेप क्रमांक दोन:
त्या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचले असते.
परीक्षकांनी एवढ्या एका वाक्यात
भोसरीतली अकरा महिन्यांची दगदग गुंडाळली.

हा जाणकार फक्त कायद्यात राहतो.
जगातला प्रत्येक कागद त्याने वाचलेला,
सगळ्या भाषांतला, अर्जाच्या आदल्या दिवसापर्यंतचा;
कल्पना तेवढी त्याला शिवलेली नाही.
त्याला सर्दी होत नाही. त्याला गुरुवार नसतो.

आम्हाला असतो.
अशाच एका गुरुवारी दुपारी दोनला वीज गेली.
भट्टीत चाळीस डबे, ॲल्युमिनियमचे, अंगठ्याएवढे,
आतून नुकताच पॉलिमरचा लेप दिलेले.
अशा वेळी दार उघडायचे आणि माल भंगारात टाकायचा,
असे पुस्तिकेत छापले आहे.
दिलावर मुलाणींनी दाराला पालथा हात लावून पाहिला,
तवा तापलाय का बघावे तसा,
आणि म्हणाले, राहू दे. निवू दे आपापलं.

शुक्रवारी सकाळी निवले होते.
लेप केसाच्या हजाराव्या भागाएवढा,
त्यात एक छिद्र सापडेना.
औषध भिंतीला धरेना.
पहिल्या फवाऱ्यात जेवढे, दोनशेव्यातही तेवढेच.

आता कर्वे रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर, मी उत्तर लिहिते आहे.
‘कोणत्याही जाडीचा’ खोडते.
‘चाळीस ते सत्तर नॅनोमीटर’ लिहिते.
‘कोणताही धातू’ जातो. ‘इत्यादी’ जातो.
आमचे साहेब म्हणतात, दावा जितका पातळ तितका टिकतो;
पानभर होता, तो पाच ओळींवर आलाय.
मग ते वाक्य, ज्याचा मला पगार मिळतो:

ज्याचे वैशिष्ट्य असे की
सदर लेप बंद भट्टीत सोळा तास
उष्णता न देता निववला जातो,
जे कोणताही जाणकार करणार नाही.

पण केले ते जाणकारानेच.
बावीस वर्षे त्याच भट्टीपाशी.
संशोधकांच्या रकान्यात तीन नावे आहेत,
तिन्हींच्या आधी डॉक्टर.
फोन केला तर मुलाणी हसले.
मॅडम, मी काय केलं? काहीच नाही केलं.
वेळेवर घरी गेलो, बस.

काहीच न करण्याला कलम नाही.
चौथे नाव घालायचे तर वेगळा अर्ज, वेगळी फी,
आणि तिन्ही डॉक्टरांच्या सह्या.

पर्समधला माझा पंप काढते. आकडा सतरावर.
हा जुना डबा, बिनलेपाचा.
शेवटचे सतरा कसे असतात मला माहीत आहे:
घशात नुसता गॅसचा गारवा,
औषध मागे, भिंतीला.
एक घेते. दहापर्यंत श्वास धरायचा असतो.
तेवढ्यात तो वेगळा अर्ज उघडते.
नाव, पूर्ण, आडनाव आधी.
सात. आठ.