शेवटचा थांबा

रात्रभर बस चालवून सकाळी सातला घरी पोचलो.
जुलै. बोचऱ्या थंडीतला पाऊस,
सगळं ब्वेनोस आयरेस न पिळलेल्या गोधडीसारखं ठिबकत होतं.
शाळांना सुट्टी.
ग्रिसेल्दा दारातच भेटली, एक बाही चढवलेली, एक लोंबती,
"नाइरला खोकला आहे, लाउतारोला उत्साह,"
एवढं सांगून इस्पितळाच्या धुलाईखान्याकडे पळाली.

मला दोन तास हवे होते.
फक्त दोन.

खिडकी अर्धा तास पुरली.
थेंब निवडायचे, एक तिचा, एक त्याचा,
वरच्या काठापासून खालपर्यंत शर्यत.
नाइरचा मध्येच अडला,
मग शेजारच्याच्या पोटात शिरून सुसाट सुटला.
"हे चालत नाही!"
"चालतं. त्याने लिफ्ट घेतली."
दोघांनी पंचाकडे पाहिलं.
पंच उभ्या उभ्या पेंगत होता.

मग मोज्यांचे गोळे पातेल्यात मारून झाले.
खालच्या दोन एवारिस्तोंनी झाडूच्या दांड्याने
छत तीनदा ठोकलं.
नाइरने टाचेने तीनदा उत्तर दिलं.
खालून पुन्हा दोन आले. म्हातारा खेळतोय की चिडलाय
हे मला आजही सांगता यायचं नाही.

माझी आत्या म्हणायची, पाऊस लागला की पीठ मळावं,
तेही पावसाच्याच पाण्यात.
नाइरने कप बाहेर धरला, हात बदलत, जीभ बाहेर काढून.
तळाला बोटभरही जमलं नाही.
उरलेलं मी नळाचं घातलं, तिची पाठ वळल्यावर.
चकत्या थापल्या, मधोमध बोटाने भोक,
कढईत टाकल्या तशा टम्म फुगल्या.
साखर भुरभुरायचं काम लाउतारोकडे,
म्हणजे फरशीवरही साखर.

तिसऱ्या मजल्यावर परवा नवा फ्रिज आला,
त्याचं खोकं जिन्याखाली होतं.
ते आडवं केलं, खिडक्या कापल्या.
बस नंबर आठ, कारण आठ त्याला न चुकता लिहिता येतो.
स्टिअरिंग म्हणून ताटली. भाडं, एक गरम चकती.

"बाबा, शेवटच्या थांब्यावर कुणी झोपलेलं असलं तर?"
"उठवतो."
"आणि बाहेर पाऊस असला तर?"
मी नियम आठवू लागलो.
मग काल रात्रीची ती बाई आठवली,
मांडीवर बादली, बादलीवर डोकं,
आणि माझं इंजिन बंद न करणं.
"तर… आणखी एक फेरी."

मागच्या सीटवर बसलो, म्हणजे गुडघे हनुवटीला लावून.
पुठ्ठ्याला अजून नव्या फ्रिजचा वास होता.
नाइर भाडं घेऊन गेली. कुठल्याशा थांब्यावर
बस खोकली. पुढचं मला माहीत नाही.

खूप दुरून, चमचा पुठ्ठ्यावर टकटक,
"उतरा, शेवटचा…"
"श्श. पाऊस आहे."
"मग?"
ताटली वळल्याचा घासरा आवाज,
आणि तोंडाने काढलेलं इंजिन,
हळू, अगदी हळू, पहिल्या गिअरमध्ये.

डोळे उघडले तेव्हा दिवे लागले होते.
पायावर ग्रिसेल्दाचा ओला कोट.
भाड्याच्या चकत्या थंडगार, सगळ्यांना एकेक घास नाही,
आणि ड्रायव्हर ताटलीवर डोकं ठेवून
गाढ.