धुरा

लाखांदूरकडच्या धान केंद्रात
उंदरानं माऊसची वायर कुरतडली,
सगळे हसले. गोवर्धन नेवारे नाही.
त्याला माऊस लागतोच कधी?
डोळे काट्यावर, बोटं कीबोर्डवर:
नाव टॅब गट टॅब वजन टॅब ओलावा, एंटर.

फोनवर म्हणाला,
"ताई, तुमच्या फारमात गोम हाये जी.
जतन झालं का बटन करडं पडते,
मंग माही बोटं कुठी लिवतेत, मालूम नाही.
सतरा पोते लिवले मी हवेत."

मीच तर केलं होतं.
कुणी दोनदा दाबू नये म्हणून
दाबताच बटण बंद,
आणि त्यावर टेकलेला फोकस
फळी काढल्यावर माणूस विहिरीत जावा तसा गेला.
वर चौकटीभोवतीची निळी रेघ
बरी दिसत नाही म्हणून पुसलेली.
बाप माझा मोजणी खात्यात साखळी ओढायचा,
आणि मी धुरा मोडून बसले.

गेले. त्याच्याशेजारी पोत्यावर बसून
दोन ओळी लिहिल्या:
जतन झालं की परत नावात जा;
ओलावा चुकला तर तिथंच थांब.
रेघ परत आणली, आधीपेक्षा जाड.

त्यानं आभार मानले नाहीत,
पडद्याकडे पाहिलंही नाही.
सतरा पोत्यांची वजनं पाठ होती त्याला:
चाळीस सहाशे, चाळीस दोनशे, एकोणचाळीस नऊशे...
रेघ चौकटीचौकटीनं सरकायची
आणि एंटरनंतर
नावाशी येऊन उभी.

अकराव्याला बोटं थांबली.
माझा श्वास अडकला.
"कवडूचा डू," तो म्हणाला,
"पह्यला का दुसरा?"