उभी गाडी

गाडी उभी होती. एवढंच मी सांगत होतो.
टायर बसला नागज फाट्याच्या अलीकडं, रात्री पावणेदोनला,
आत तासगावचा बेदाणा, नऊ टन.
मागं चार दगड लावले, बाभळीची फांदी तोडून टाकली,
हात फाटला तो तिथंच, हे बघा.

पोरगं मोटारसायकलवरनं आलं.
लाईट नव्हती त्याची.
मी पाण्याची बाटली घेऊन पळालो
तर दात घट्ट मिटलेले.

हवालदार माणूस चांगला.
टेपचं एक टोक मलाच धरायला दिलं.
लिहिलं मात्र असं:
'चालक दस्तगीर बाबालाल नदाफ याने
हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून
भरधाव वेगात…'
म्हटलं, साहेब, जॅकवर होती की ओ गाडी.
म्हणाला, मामा, साचा असतो हा. कोर्टात बघू.

सहा वर्षं बघितलं. सुटलो.

आज सांगलीत आरटीओच्या खिडकीला
बाई स्क्रीनकडं बघतच बोलल्या,
एक अपघात दिसतोय. मयत एक.
निकालाची झेरॉक्स आत सरकवली.
ते इथं चढलेलं नाही, म्हणाल्या.

त्याआधीची सत्तावीस वर्षं,
कुणाचं कुत्रंसुद्धा चाकाखाली आलं नाही,
ती कुठं चढतात, विचारणार होतो.
मागं रांग होती.

जतच्या एसटीत खिडकी मिळाली.
फाट्याला मान वळलीच.
कडेला तीन दगड अजून हायेत.
चौथा कुणीतरी आपल्या टायरला लावला असंल.
लावू दे.