तीन नंबर

कॉलिन थ्रेलफॉलला मी खेळताना फारसं पाहिलं नाही.
अकरा हंगाम त्याचं धुणं धुतलं.

हॅरोक्लिफ टाउनच्या पूर्वेकडच्या स्टँडखाली,
पायऱ्यांच्या पोटात माझी खोली:
दोन मशीन, एक पिळणी, छताला आडव्या दोऱ्या,
आणि जमिनीलगत एक खिडकी,
जिच्यातून फक्त बूट दिसत.

तो आला तेव्हा एकोणीसचा,
वरच्या विभागातल्या कुठल्याशा क्लबकडून
महिन्याभरासाठी उसना,
शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा.
साखर परत मागायला कुणी आलं नाही.

शर्टावरून माणूस कळतो.
सेंटर फॉरवर्डचे खांद्यावर उसवत,
गोलकीपरचे कोपरांवर.
याची डावी बाजू. कायम डावी,
काखेपासून कमरेपर्यंत चिखल,
जणू शनिवारी तीन वाजता हा त्या कुशीवर निजायचा
आणि पावणेपाचला उठायचा.

समुद्राकाठच्या मैदानांचा चिखल रेताड, झटकला की गेला.
कोळशाच्या गावांचा सोड्यालाही दाद देत नसे.
आणि रक्त थंड पाण्यात,
गरम पाण्यात टाकलं तर जन्माचं बसतं.
हे मी त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला,
मिस्टर पिल्किंग तर आम्हाला रोज गरम पाण्यातच टाकतात.

सामने तीनशे सत्त्याण्णव.
चारशे झाले की क्लब घड्याळ देई.

गोल एक.
नोव्हेंबरातला मंगळवार, धुकं, चौथ्या विभागात तळाचे दोन संघ.
मी खाली मोजे जोडीला लावत होते.
वर आधी काहीच नाही,
मग दोन हजार माणसांचे पाय एकदम.
छतातून चुना सुटला, सत्तर वर्षांची धूळ सुटली,
दोरीवरच्या बारा ओल्या पांढऱ्या शर्टांवर
अलगद येऊन बसली.
मी एक शिवी हासडली
आणि बाराच्या बारा पुन्हा भिजवले.

दुसऱ्या दिवशी दारात उभा, टोपी हातात.
डोरीन, माफ कर, म्हणाला, पुन्हा नाही होणार.

नाही झालं.

मेमध्ये त्याला मोकळा केला.
आमच्याकडे हाच शब्द वापरतात,
जणू दाव्याला बांधलेला होता.
पत्रात आडनावातलं एक अक्षर गळालेलं.
ते त्याने मला दाखवलं, गुडघ्याबद्दल मात्र बोलला नाही.
टॉवेल घडी घालून परत केला, कोपऱ्याला कोपरा लावून.
एवढी वर्षं कुठल्याही खेळाडूने टॉवेलची घडी घातली नव्हती.

ऑगस्टात तीन नंबर एका पोराला गेला.
पहिल्याच धुण्याला माझा हात सवयीने
डाव्या बाजूला साबण घेऊन गेला,
तर ती बाजू कोरी.
तो पोरगा पडतच नसे.
उभ्याउभ्याच हरायचा.

आता स्टँड पाडलाय, तिथे फर्निचरचं दुकान आहे.
कॉलिन टपाल वाटतो.
आमच्या चढावर सव्वानऊला येतो, डावा पाय आधी,
उजवा मागून ओढत, तक्रार असल्यासारखा.
मी स्वयंपाकघरात असते. फाटकाची कडी वाजते,
दाराच्या फटीतून दोन बोटं आत येतात,
पत्र सोडून मागे जातात.
आधी बूट, आता बोटं.
हा माणूस मी अख्खा असा बघितलाय कधी?
लग्नाला बोलावलं होतं त्याने,
नेमका त्या दिवशी माझा दात दुखत होता.

काल धो धो कोसळत होता.
विजेचं बिल आलं.
कोटाच्या आत धरून आणलं असणार, कुठल्या बाजूला ते मला माहीत आहे.
कागद कोरडा होता,
आणि जरा ऊबदार.